अभिमनची खोळ

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. अभिमन. गोष्ट सांगायला बसायचं आणि 'हे' नि 'ते' करत राहायचं, मग ऐकणाऱ्याने काय कपाळ समजायचं? तर अभिमन. सावद्याच्या शिवारात केळीचे घड वाहणारा माझा नवरा. ही त्याच्या पायाची गोष्ट आहे. पाय धडधाकट होता हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही तरी पहिल्यापासून नीट बघाल.

मी मूळची धुळ्याकडची, शिंदखेड्याजवळच्या खेड्यातली. लग्न होऊन सावद्याला आले तेव्हा बुद्धवाड्यातल्या बाया माझ्या बोलीला हसायच्या. 'पाणी शे का?' म्हटलं की झाला पदर तोंडाला. हसा म्हटलं. चार वर्षांत त्यांच्यासारखं बोलायला शिकले, पण राग आला की अजून माहेरचीच बोली तोंडात येते. आणि राग मला येतो. लपवून काय करू?

अभिमन लीलाधर मुकादमांच्या टोळीत होता. टोळीचं काम असं, की कापणारा बागेत घड कापतो, वाहणारे तो खांद्यावर घेतात, बांधाबांधाने रस्त्यावर येतात आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढवतात. ट्रकमध्ये आम्ही बायांनी केळीची पानं अंथरलेली असतात, त्यावर घड लागतात. आता घडाचा चीक अंगावर गळतो. त्याचा डाग कपड्यावर पडला की जन्मात निघत नाही. म्हणून वाहणारे डोक्यावरून पोतं घेतात. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की झाली खोळ. ती डोक्यापासून पार मांड्यांपर्यंत येते आणि वरून घड असतो. तोंड कोणाचंच दिसत नाही.

मग माणूस ओळखायचा कसा? तर खोळीवरून. तोतारामची खोळ तागाची, चिकाने काळी पडलेली. वना म्हणून दुसरा एक गडी, त्याची सुतळीने शिवलेली. अभिमनची खताच्या पांढऱ्या पोत्याची होती आणि तिला मी माझ्या हिरव्या लुगड्याचं हे एवढं ठिगळ लावलं होतं. लांबून ठिगळ दिसलं की लोक म्हणायचे, अभिमन आला.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास एका पावसाळ्यात फळी सटकली. अभिमन घडासकट खाली आला आणि उजव्या नडगीचं हाड मोडलं. लीलाधर भाऊंनी त्याच ट्रकमधून त्याला जळगावला नेला. प्लास्टर झालं, मग काठी झाली, मग काठी सुटली. तेव्हा तो लंगडायचा, मी कशाला खोटं बोलू? पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाय भरून आला. हाडांच्या डॉक्टरांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याला इकडून तिकडे चालवलं, पाठीमागून बघितलं, पुढून बघितलं आणि म्हणाले, "जा, आता घड काय, बायकोला उचल." मी लाजले, पण आनंदाने माझे पाय जमिनीवर ठरेनात.

तो आनंद सावद्याच्या स्टँडपर्यंतच टिकला. चहावाला म्हणाला, "अभिमन, अजून ओढतो नाही का रे पाय?" वाटेत भेटलेली म्हातारी म्हणाली, "बिचारा!" घरी सासू, भागाबाई, म्हणाली, "बाप्पा, हळू." अरे, काय हळू? डॉक्टरांनी मोजून-मापून पाठवला आणि यांना कुठून दिसतोय लंगडा?

कापणीचा हंगाम तोंडावर आला. मुकादम टोळी जमवायला लागले तशी मी अभिमनला घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले. लीलाधर भाऊ माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं होतं, भांडून मोकळी झाले असते. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि नाही म्हणाले.

"प्रमिला, हा पडला तेव्हा मी फळीजवळच उभा होतो," ते म्हणाले. "याची किंकाळी मले अजून ऐकू येते. मी याले पुन्हा फळीवर नाही चढवनार."

"पण पाय बरा झाला ना, भाऊ."

"बरा झाला म्हनते? चाल रे अभिमन, त्या कडुनिंबापर्यंत जा बरं."

अभिमन गेला. आम्ही सगळे त्याच्या पायाकडे टक लावून बसलो. वना तिथेच होता, तो हळूच म्हणाला, "दबकते जरासा." आणि काय सांगू, मलाही दिसलं! उजवा पाय टाकताना तो जपत होता. अंगठा आधी टेकवत होता की काय, कोण जाणे. डॉक्टरांसमोर सरळ चालणारा माणूस या ओट्यासमोर लंगडत होता.

तरी मी हटून बसले. शेवटी लीलाधर भाऊ कंटाळले आणि म्हणाले, "बरं बाई, एक घड वाहू दे. फळी नाही, नुसता बांधावरून रस्त्यापर्यंत." दुसऱ्या दिवशी सकाळी अभिमनने ठिगळाची खोळ घेतली, घड खांद्यावर घेतला आणि बांधावर आला. टोळी काम थांबवून बघत होती. निम्म्या वाटेत त्याचा पाय मुरगळल्यासारखा झाला. दोघं धावले आणि घड काढून घेतला. लीलाधर भाऊंनी माझ्याकडे बघितलं. डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

त्या दिवशी अभिमन म्हणाला, "मी सुरतला जातो." त्याचा चुलतभाऊ तिकडे गिरणीत होता. गेटवर बसायचं काम लावून देतो म्हणाला होता. बसायचं काम! तिशीतला गडी, ज्याने घड खेळण्यासारखे उचलले, तो स्टुलावर बसून गेट उघडणार आणि लावणार. त्याची पिशवी भरून दाराआड उभी राहिली. सुरतला गेला तर तो लंगडा म्हणूनच जाणार आणि मरेपर्यंत लंगडाच राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी मनाशी म्हटलं, असं नाही होऊ देणार.

आता पुढचं नीट ऐका. दोन दिवसांनी आम्ही नदीकडून घरी येत होतो. माझ्या डोक्यावर सरपणाची मोळी होती म्हणून मी मागे राहिले होते. अभिमन पुढे, त्याच्याच तंद्रीत. मी सहज बघते तर काय, माणूस ताडताड चालला आहे! उजवा, डावा, उजवा, डावा. वाटेतला दगडसुद्धा त्याने सहज ओलांडला. मी हाक मारली, "अहो, थांबा की!"

तो थांबला आणि वळला. मी जवळ आले, दोघं बरोबर चालायला लागलो आणि चार पावलांत पाय ओढायला लागला.

माझं डोकं सणकलं. मोळी तिथेच टाकली. म्हटलं, "तुम्ही मला फसवता का? आत्ता सरळ चालत होता ना?"

"कोन, मी?"

"नाहीतर काय तुमचं भूत?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला कळलं, याला खरंच ठाऊक नाही. त्याला बांधावर बसवला. म्हटलं, "खरं सांगा. चालताना तुमच्या मनात काय येतं?"

त्याने बराच वेळ गवत उपटलं. मग म्हणाला, "एकटा असलो तर काही नाही येत. पन गावातलं कोनी बघतं असं दिसलं ना, की मले फळी दिसते. सटकताना. मग पाय टाकायच्या आधीच मले तो लंगडताना दिसते. डोळ्यांपुढे आधी दिसते आन् मग तसाच पडते."

"म्हणजे ते बघतात म्हणून तुम्ही लंगडता," मी म्हटलं, "आणि तुम्ही लंगडता म्हणून ते बघतात?"

"तसंच काही म्हन."

"आणि याच्यात पायाचा काय संबंध?"

मला इतका राग आला, की कोणावर काढू कळेना. लोकांवर काढावा तर ते कळवळ्याने बघत होते. याच्यावर काढावा तर याचा काय दोष? पाय बरा झाला होता आणि दुखणं गावभर लोकांच्या डोळ्यांत जाऊन बसलं होतं. याच्याही डोळ्यांत. तिथे कोणता डॉक्टर प्लास्टर घालणार होता?

रात्रभर तळमळले. सकाळी उठले तेव्हा ठरलं होतं. अभिमनला म्हटलं, "सोमवारी सुरतला जायचं ना? जा. मी अडवणार नाही. पण आज माझ्याबरोबर बागेत चला. पानं ओढायला माणूस कमी आहे. ढिगामागे बसा, कोणाला दिसू नका, तुमची इच्छा नसेल तर बोलूही नका." तो निमूट आला. आताशा तो सगळ्यालाच हो म्हणायचा, आणि त्याचंच मला जास्त रडू यायचं.

तो रस्त्याकडेला पानांच्या ढिगामागे बसला तशी मी त्याची खोळ पदराखाली घेऊन बागेत शिरले. आत तोताराम खांद्यावर चुंबळ बसवत होता. तोताराम म्हणजे आमच्या टोळीतला पहिलवान. पाय असे, की बाभळीचे बुंधे. फळीवर चढायचा तर मुकादम नव्या पोरांना दाखवायचे, "असं चालायचं, बघा."

"तोताराम भाऊ, आज ही खोळ घ्या," मी म्हटलं.

त्याने ठिगळ बघितलं. "ही तर अभिमनची. काय भानगड आहे, वहिनी?"

"भानगड काही नाही. रोज चालता तसंच चाला. जास्त नाही, कमी नाही. तोंड मात्र दाखवू नका."

तोताराम सरळ माणूस. त्याने खांदे उडवले, खोळ चढवली आणि घड उचलला. मी दुसऱ्या वाटेने धावत रस्त्यावर आले आणि पानं पसरायच्या कामाला लागले.

बांधावरून रांग येत होती. पुढे वना, मागे आणखी दोघं, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या खोळीवरचं हिरवं ठिगळ. लीलाधर भाऊ ट्रकच्या सावलीत विडी ओढत उभे होते. त्यांची नजर ठिगळावर गेली आणि विडी हातातच राहिली.

"अरे!" ते ओरडले. "अभिमन! याले कोनी घड दिला? अरे, पाय बघा त्याचा! ठेव, ठेव खाली!"

सगळे बघायला लागले. वना घड घेऊन उभाच राहिला, म्हणाला, "हो ना, उजवा ओढतोय." एक बाई म्हणाली, "अगं माय, पडतो की काय!" दुसरी म्हणाली, "पार वाकडा पडतोय गं पाय." ट्रकवर घड लावणारा झिपरू वरून ओरडला, "धरा रे त्याले!" आणि लीलाधर भाऊ हात पसरून धावत सुटले. खोळीतला माणूस बिचारा आपल्या रोजच्या चालीने येत होता.

"काय झालं, मुकादम?" खोळीतून आवाज आला. मग घड खाली आला, खोळ मागे सरली आणि तोतारामचं घामाने डबडबलेलं तोंड बाहेर आलं. "सापबिप आहे का?"

मग झिपरू ट्रकवर फिदीफिदी हसायला लागला. "तोताराम लंगडा! आपला तोताराम लंगडा!" बाया पदरात तोंड घालून हसत सुटल्या. वनाने खाली बघितलं.

लीलाधर भाऊंना हसू आलं नाही. ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा लाल झाला होता. "हे तू केलं?"

"केलं," मी म्हटलं. "तुम्हाला कोणाचा पाय दिसला, भाऊ? तोतारामचा उजवा पाय कधी मोडला?"

"खोळ बदलून फसवलं मले तू."

"खोळ बदलली. पाय तोतारामचाच होता. तुम्ही पाय बघत होता की ठिगळ?"

माणूस खोटा नव्हता, म्हणून खोटं बोलता येईना. मग हळू आवाजात म्हणाले, "बरं. माझे डोळे चुकले. कबूल. पन प्रमिला, यातून माझ्या डोळ्यांचं कळलं. त्याच्या पायाचं काय कळलं? मी त्याले त्या दिवशी घड घेऊन मुरगळताना बघितलं, ते तर खरं ना? तवा तर खोळीत तोच होता."

आणि खरं सांगते, आदल्या रात्री एवढा विचार केला, पण इथपर्यंतच केला होता. सगळं हातचं चाललं, असं वाटून माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात पानांच्या ढिगामागून अभिमन उठला. केसांत पानाचे तुकडे, तोंड पांढरं पडलेलं.

"भाऊ," तो म्हणाला, "मले बी दिसला."

"काय दिसला?"

"लंगडताना. मी ढिगामागून बघत होतो. ते ठिगळ दिसलं, खोळीच्या आत कोन आहे ते काही माहीत नाही, आन् मले वाटलं, बघ, अभिमन, तू हा असा चालतो. पार मोडक्यासारखा. मी म्हटलं, बरोबर आहे मुकादमाचं, आपली सुरतच बरी. इतकी लाज वाटली, की उठून पळून जानार होतो." तो थांबला. त्याने तोतारामकडे बघितलं. तोताराम दोन्ही पायांवर ठाम उभा होता आणि खोळीच्या टोकाने घाम पुसत होता. "आन् आतून निघाला कोन? हा!"

आणि अभिमन हसायला लागला. आधी थोडा, मग पोट धरून. "हा रे हा! याच्या पायात मले लंगडा दिसला!" हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. वर्षभर मी हे हसणं ऐकलं नव्हतं. तोतारामही हसायला लागला, त्याला धड कळलंही नव्हतं तरी.

हसणं ओसरलं तसा अभिमनने तोतारामच्या अंगावरची खोळ ओढून घेतली आणि आपल्या डोक्यावर घातली. जमिनीवरचा घड त्याने खांद्यावर घेतला, तोतारामने नुसता हात लावला. मग तो बांधाकडे नाही, सरळ फळीकडे निघाला.

"अरे थांब!" लीलाधर भाऊ पुढे झाले.

मी त्यांच्या आडवी उभी राहिले. पदर खोचला आणि दोन्ही हात पसरले. गावातल्या मोठ्या माणसाला असं अडवायची माझी काय छाती होती? पण त्या वेळी साक्षात डोंगर आला असता तरी मी हटले नसते. माझी पाठ फळीकडे होती आणि तोंड त्यांच्याकडे.

"बाजूला हो, प्रमिला. पडेल तो."

"नाही होत."

"मग निदान मागे तरी बघ! नवरा चढू ऱ्हायला तुझा!"

माझ्या तोंडातून माहेर बाहेर पडलं. "नही देखस! माले मना डोयासवर भरोसा नही शे. माले बी तो लंगडता दिसस. तुम्हीच देखा, आन् माले सांगा."

माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नाही, हे मी माहेरच्या बोलीत सांगितलं तरी कोणी हसलं नाही. मागे फळी वाजली. एकदा, पुन्हा एकदा. मी लीलाधर भाऊंच्या डोळ्यांकडे बघत होते. ते डोळे माझ्या खांद्यावरून हळूहळू वर जात होते. मध्येच बारीक झाले. त्यांनी डोळे चोळले. मग पुन्हा मोठे करून बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं.

"सांगा ना, भाऊ!"

"थांब," ते म्हणाले. "नीट बघू दे मले."

ट्रकवर घड टेकल्याचा आवाज आला. झिपरू काहीतरी बोलला. फळी पुन्हा वाजायला लागली, आता उतरती. लीलाधर भाऊंनी घसा खाकरला आणि सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "सरळ. सरळ चढला आन् सरळ उतरू ऱ्हायला."

तेव्हा मी वळले. अभिमन फळीवरून खाली आला होता आणि पुढचा घड आणायला बागेकडे निघाला होता.